पाइनच्या भिंतीवर तसबिरीमागचा भाग फिकट, बाकी सारा पिवळा: दोष उजेडाचा, हवेचा की पॉलिशचा?

खिडकीपाशी (प्रश्न)

आमच्या पुण्यातील घरात दिवाणखान्याची एक भिंत पाइनच्या भरीव फळ्यांनी मढवलेली आहे. शेजारीच पश्चिमेकडची मोठी खिडकी असून दुपारनंतरचे ऊन काचेतून थेट या भिंतीवर येते. लाकूड न्यूझीलंडहून येणाऱ्या रेडिएटा पाइनचे आहे, असे वखारवाल्याने सांगितले होते. त्यावर पाण्यात मिसळणारे, रंगहीन ॲक्रिलिक पॉलिश केलेले आहे. फळ्या बसवल्या तेव्हा त्यांचा रंग अगदी फिकट, सायीसारखा होता. अलीकडे घराच्या रंगकामासाठी तसबिरी आणि घड्याळ उतरवले, तेव्हा त्यांच्या मागे तो मूळचा रंग जसाच्या तसा सापडला. भोवतालची भिंत मात्र गडद पिवळी झाली आहे, आणि गाठींच्या आसपास तर ती चक्क तांबूस दिसते. त्याच लाकडाची एक फळी कपाटाच्या आत बसवलेली आहे. ती अजूनही बऱ्यापैकी गोरी आहे.

पॉलिशवाला म्हणतो की लाकूड कच्चे होते, आणि वखारवाला म्हणतो की पॉलिश हलक्या प्रतीचे होते. खिडकी बहुतेक वेळ बंद असते आणि काच अतिनील किरण अडवते अशी माझी समजूत आहे, त्यामुळे उन्हाने रंग बदलला हे स्पष्टीकरणही मला पुरते पटत नाही. लाकडात नेमके काय घडले, ते पुढेही घडत राहणार का, आणि हे फिकट चौकोन भोवतालच्या रंगाशी जुळवून घेता येतील का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

रसायनीकर

आपण दिलेल्या माहितीतच अर्धे उत्तर आहे. तसबिरीमागे लाकूड तेच होते, पॉलिश तेच आणि तितकेच जुने होते, हवाही होती, कारण तसबीर काही भिंतीला हवाबंद चिकटलेली नसते. नव्हता तो फक्त उजेड. म्हणजे मुख्य कारण उजेड हेच आहे, आणि वखारवाला व पॉलिशवाला या दोघांचीही सुटका करायला हरकत नाही. हवा मात्र या प्रकरणातून पूर्णपणे निर्दोष सुटत नाही. ते पुढे येईलच.

पाइनच्या लाकडात साधारणपणे ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि जवळपास तितकेच लिग्निन, म्हणजे पेशींना सांधणारे द्रव्य, असते. उरलेला थोडा भाग राळ, मेद आणि फिनॉलवर्गीय द्रव्ये यांचा. शुद्ध सेल्युलोज सूर्यप्रकाश जवळजवळ शोषतच नाही, आणि ज्यात लिग्निन नगण्य असते तो कापूस उजेडात असा पिवळा का पडत नाही याचे उत्तरही तेच आहे. लिग्निन मात्र बेंझिनसारख्या कड्या असलेल्या घटकांचे जाळे असते, आणि लाकडाने शोषलेल्या अतिनील प्रकाशापैकी ८० ते ९५ टक्के प्रकाश ते एकटे शोषते. त्याचे शोषण २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असले, तरी त्याची शेपूट ४०० नॅनोमीटरच्या पलीकडे, म्हणजे जांभळ्या-निळ्या दृश्य प्रकाशापर्यंत जाते.

काचेविषयीची आपली समजूत अर्धीच बरोबर आहे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. जमिनीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश सुमारे २९५ नॅनोमीटरपासून सुरू होतो. खिडकीची साधी काच त्यातला साधारण ३१० ते ३२० नॅनोमीटरपर्यंतचा, त्वचा भाजणारा भाग अडवते. त्यापुढचा ४०० पर्यंतचा अतिनील प्रकाश मोठ्या प्रमाणात आत येतो आणि दृश्य प्रकाश तर जवळजवळ सगळाच येतो. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा दर मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल भरते, ४०० नॅनोमीटरला ती सुमारे ३०० होते. लिग्निनच्या घटकांना जोडणारे दुबळे बंध तुटायला, किंवा फिनॉलच्या गटातला हायड्रोजन सुटायला, काचेतून आलेला हा प्रकाशही पुरतो.

बंध तुटला की ज्यांच्यात एक इलेक्ट्रॉन एकटा उरला आहे असे मुक्त मूलक तयार होतात, आणि लिग्निनच्या बाबतीत ते प्रामुख्याने फिनॉक्सी मूलक असतात. आता हवेची पाळी येते. हवेतला ऑक्सिजन या मूलकांशी जोडला जाऊन पेरॉक्साइडे बनतात, ती पुन्हा फुटून आणखी मूलक देतात, आणि या साखळीच्या शेवटी कार्बोनिल गट असलेली संयुगे, विशेषतः क्विनोन, साचू लागतात. क्विनोन निळा आणि जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून डोळ्यांपर्यंत पोहोचणारा उरलेला प्रकाश पिवळा किंवा तपकिरी दिसतो. हेच लाकूड नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात ठेवून उजेडात धरले, तर रंगबदल पुष्कळच कमी होतो. उजेड हे काम सुरू करतो आणि ऑक्सिजन ते तडीस नेतो, अशी ही विभागणी आहे. हवेतल्या ओलाव्याचाही थोडा हातभार लागतो, कारण ओलाव्याने पेशीभित्ती फुगते आणि ऑक्सिजनला आत शिरणे सोपे जाते.

हे केवळ पुस्तकी अनुमान नाही. बेंगळुरूच्या काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत आपल्या हिमालयातील चिडाच्या (हाही पाइनच) आणि रबराच्या लाकडाच्या पृष्ठभागांवर झेनॉन दिव्याचा प्रकाश सोडून अवरक्त वर्णपटाने हे बदल मोजलेले आहेत. वर्णपटात लिग्निनच्या कड्यांची खूण असलेला, दर सेंटीमीटरला १५१० लहरींच्या आसपासचा पट्टा उजेडात खाली खाली जातो, आणि कार्बोनिल गटांचा १७३५ च्या जवळचा पट्टा वाढत जातो. एक वस्तू खर्ची पडते आणि तिच्यापासून दुसरी तयार होते, हे त्या आलेखात सरळ दिसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा सगळा प्रकार अतिशय पातळ थरात घडतो. अतिनील प्रकाश लाकडात साधारण ७५ मायक्रोमीटर आणि दृश्य प्रकाश सुमारे २०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापर्यंत जातो. एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात धारदार पात्याने पापुद्रा खरवडून पाहावा: पापुद्र्याची वरची बाजू पिवळी असेल आणि खालचे लाकूड पहिल्या दिवसासारखे फिकट निघेल. उन्हात पडलेल्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो याच रसायनामुळे, कारण तो कागद लाकूड यंत्राने दळून, लिग्निन न काढता केलेल्या लगद्याचा असतो.

गाठी तांबूस होण्याचे कारण थोडे निराळे आहे. पाइनच्या गाठींत आणि खोडाच्या गाभ्यात पिनोसिल्विनसारखी फिनॉलवर्गीय द्रव्ये आणि राळ बरीच जास्त असते. पिनोसिल्विन उजेडात झपाट्याने ऑक्सिडीकृत होऊन तांबूस-तपकिरी रंग देते. युरोपातल्या स्कॉट्स पाइनच्या ताज्या कापलेल्या फळीत गाभा आणि बाहेरचे लाकूड वेगळे ओळखणे कठीण जाते. थोडे दिवस उजेड लागला की गाभा लालसर होऊन आपोआप उठून दिसतो. राळेतली आम्ले तर अंधारातही हवेने सावकाश ऑक्सिडीकृत होत राहतात. आपल्या कपाटातली फळी “बऱ्यापैकी” गोरी आहे, “पूर्णपणे” नाही, त्यामागे हेच असावे.

पटाशी

रसायनीकरांनी शास्त्र इतके नीट मांडले आहे की मी फक्त पॉलिशच्या बाजूने लिहितो. माझा व्यवसाय फर्निचरचा आहे, आणि पाइनचे काम घेताना गिऱ्हाईकाला मी आधीच सांगतो की ही छटा टिकणार नाही. सांगितले नाही, तर पुढे हीच तक्रार घेऊन लोक येतात.

पॉलिश म्हणजे संरक्षण, असे आपण सरसकट धरून चालतो. पाणी, मळ, हाताचा घाम, चहाचा डाग यांच्यापासून ते संरक्षण देते हे खरे. पण जे पॉलिश आरपार दिसते त्यातून उजेडही आरपार जातो. आपले ॲक्रिलिक पॉलिश स्वतः फारसे पिवळे पडत नाही, मात्र खालच्या लाकडाला ते अडवतही नाही. उलट नायट्रोसेल्युलोज लॅकर, मेलॅमाइन आणि स्वस्त पीयूचे (पॉलियुरेथेनचे) काही प्रकार उजेडात स्वतःच पिवळे होतात, आणि मग लाकडाचा पिवळेपणा व पॉलिशचा पिवळेपणा एकावर एक चढतात. पीयू घ्यायचेच असेल तर पिवळे न पडणाऱ्या, ॲलिफॅटिक प्रकाराचे मागून घ्यावे; ते महाग असते.

अळशीच्या तेलाची गंमत याच्या बरोबर उलट आहे. हे तेल अंधारात जास्त पिवळे पडते आणि उजेडात आणल्यावर ती छटा बरीचशी उडून जाते. आपल्या भिंतीला अळशीचे तेल लावलेले असते, तर तसबिरीमागचा भाग इतका गोरा सापडला नसता. म्हणून पिवळेपणा झाकलेल्या जागी आहे की उघड्या जागी, एवढे पाहिले तरी दोष तेलाचा की लाकडाचा याचा अंदाज बांधता येतो.

आता फिकट चौकोनांविषयी. घाईने काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाइनचा रंग सुरुवातीला फार वेगाने बदलतो आणि पुढे मंदावतो, कारण वर तयार झालेला रंगीत थरच बराचसा उजेड शोषून घेतो आणि आतला भाग झाकतो. भोवतालची भिंत आता जवळपास थांबल्यात जमा आहे आणि फिकट चौकोन शर्यतीच्या सुरुवातीला आहे. तसबिरी काही महिने उतरवून ठेवल्या, पडदा उघडा ठेवला, तर फरक पुष्कळसा आपोआप बुजेल. पुसटशी कड उरलीच तर नवी तसबीर थोडी मोठी टांगावी.

सगळी भिंत पुन्हा गोरी करायची असेल तर पॉलिश उतरवून आधी १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे लागेल. फळ्या भरीव असल्यामुळे ते शक्य आहे. वर पातळ व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असते तर मी नको म्हटले असते, कारण ते घासून फाटते. घासल्यावर लगेच थोडा पांढरा रंग मिसळलेले पातळ पॉलिश द्यावे. स्कँडिनेव्हियात पाइनच्या जमिनी क्षाराच्या पाण्याने धुऊन वर पांढरा साबण किंवा पांढरट तेल देण्याची जुनी रीत आहे, ती याचसाठी. पांढरा कण काही उजेड परतवतो आणि उरलेला पिवळेपणा डोळ्यांना कमी जाणवू देतो. याच्या जोडीला अतिनील शोषक घातलेले पॉलिश घेतले तर वेग आणखी कमी होतो. मात्र “कायमचे गोरे राहील” अशी हमी कोणी दिली तर त्याच्याकडून लेखी घ्यावी!

खिडकीलाही काही करता येईल. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच ३८० नॅनोमीटरपर्यंतचा अतिनील प्रकाश जवळपास सगळा अडवते, आणि तशी फिल्म साध्या काचेवरही चिकटवता येते. त्यानेही जांभळा-निळा उजेड आत येतोच, त्यामुळे बदल मंदावेल, थांबणार नाही.

खिडकीपाशी

दोघांचेही मनापासून आभार. एक जोडप्रश्न विचारतो. याच लाकडाचा एक बाक आम्ही गच्चीवर ठेवला आहे, त्यावर बाहेरच्या कामाचे म्हणून पारदर्शक व्हार्निश दिले होते. तो बाक पिवळा न होता करडा झाला, आणि व्हार्निशचे पापुद्रे नखाने निघतात. लाकूड एकच असताना घरात पिवळे आणि बाहेर करडे, असे का? शिवाय ऑक्झॅलिक आम्लाने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने लाकूड पुन्हा गोरे होते, असे एका रंगाऱ्याने सुचवले आहे. भिंतीवर ते करून पाहावे काय?

पहाडी_चीड

मी नोकरीनिमित्त उत्तराखंडात राहतो. इथे चिडाचे लाकूड आणि त्याचा लिसा, म्हणजे आपली राळ, हे रोजच्या पाहण्यातले असल्याने बाहेरच्या लाकडाविषयी लिहितो.

बाहेरही सुरुवात पिवळेपणानेच होते. पुढचा फरक पाऊस करतो. उजेडाने तुटलेल्या लिग्निनचे तुकडे पाण्यात विरघळू शकतात. घरात ते जागच्या जागी राहून पिवळे-तपकिरी दिसतात, बाहेर पावसाने धुऊन जातात. मागे उरतो तो बहुतांशी सेल्युलोजचा, पांढरट, पिंजल्यासारखा थर. त्यावर ओलावा मिळताच ऑरिओबॅसिडियम पुलुलान्ससारख्या काळ्या बुरशा वाढतात, आणि पांढऱ्यावर काळ्याची ही मिसळण लांबून करडी दिसते. जुन्या लाकडी घराची उन्हाकडची भिंत पाहिली तर हे एकाच फळीवर वाचता येते: वळचणीखाली, जिथे ऊन तिरपे लागते पण पाऊस पोहोचत नाही, तिथे पट्टा गडद तपकिरी असतो, खाली पावसाचा मारा सुरू झाला की तीच फळी करडी होते.

यानंतर लाकूड झिजूही लागते, पण फार सावकाश. मऊ जातीच्या लाकडांसाठी शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर असा ढोबळ आकडा धरला जातो. झीज सर्वत्र सारखी नसते. वसंतात वाढलेला फिकट, विरळ पट्टा लवकर खचतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वाढलेला गडद, घट्ट पट्टा उंच राहतो, त्यामुळे जुन्या फळीवरून हात फिरवला की वरवंट्याचे टाके लागावेत तशा रेघा बोटांना लागतात.

आपल्या व्हार्निशचे पापुद्रे का सुटतात, तेही याच ओघात सांगता येते. निघालेला एक पापुद्रा उलटा करून भिंगाखाली पाहावा. त्याच्या पाठीला लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले दिसतील. म्हणजे व्हार्निशची पकड सुटलेली नाही, त्याने धरून ठेवलेले लाकूडच सुटले आहे. दोन पेशींना सांधणाऱ्या थरात लिग्निनची दाटी सर्वाधिक असते, आणि पारदर्शक व्हार्निशमधून आलेल्या उजेडाने नेमका तोच सांधा तुटतो. मग पाणी आत शिरते, लाकूड फुगते-आकसते आणि पापुद्रा उचलला जातो.

नॉर्वेमध्ये बोर्गुंडचे बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेलेले लाकडी चर्च आजही उभे आहे, आणि ते पाइनचेच आहे. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाइनचेच काळे डांबर चढवले जाते. त्या डांबराने पाणी तर अडतेच, पण ते काळे असल्यामुळे उजेडही लाकडापर्यंत पोहोचत नाही, आणि माझ्या मते या दुसऱ्या गुणाला लोक पुरेसे महत्त्व देत नाहीत.

रसायनीकर

ऑक्झॅलिक आम्लाविषयी: ते लोखंडामुळे पडलेल्या निळ्या-काळ्या डागांवरचे औषध आहे. लोखंडी खिळा किंवा स्टीलवूलचे कण ओल्या लाकडाला लागून डाग पडला असेल, तर हे आम्ल लोह विरघळवून तो काढते. क्विनोनचा पिवळेपणा हा त्याचा विषय नाही, त्यामुळे भिंतीवर त्याचा उपयोग होणार नाही. गच्चीवरच्या बाकाचा करडेपणा त्याने थोडा उजळू शकतो. ते विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे.

क्षारासोबत वापरलेले हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र खरोखर रंग घालवते, कारण ते क्विनोनसारखी रंगीत संयुगे तोडते. अडचण अशी की त्यामुळे लिग्निन नाहीसे होत नाही, त्याचा फक्त रंग जातो. कागद गिरण्यांतही दळलेला लगदा याच पेरॉक्साइडने पांढरा करतात, आणि तो पांढरा कागद उन्हात पुन्हा पिवळा पडतो. आपल्या भिंतीचेही तसेच होईल. शिवाय आधी पॉलिश पूर्ण उतरवावे लागेल, म्हणजे घासणे आलेच. आणि घासल्यावर पिवळा थर तसाही निघून गेलेला असेल, मग रसायनाला काम काय उरले?

आणखी एक. काही फळ्यांवर निळसर-करड्या रेघा असतील तर त्या उजेडाने आलेल्या नाहीत. झाड तोडल्यावर लाकूड वेळेत वाळवले नाही, तर बाहेरच्या लाकडात शिरणाऱ्या बुरशीची ती निळी छटा असते. ती खोलवर जाते, पॉलिश पेपरने निघत नाही, पण लाकडाच्या ताकदीला फारसा धक्का लावत नाही.

पटाशी

बाकासाठी माझा सल्ला: पारदर्शक व्हार्निश पुन्हा देऊ नये. सैल झालेले सारे खरवडून, करडा थर पूर्ण जाऊन खाली घट्ट, फिकट लाकूड लागेपर्यंत घासावे, कारण त्या पिंजलेल्या थरावर काहीही धरत नाही. घासून झाल्यावर बाक उघड्यावर ठेवू नये. दोन-तीन आठवड्यांच्या उन्हानेसुद्धा नव्या पृष्ठभागाची पकड कमी होते, म्हणून रंगकाम त्याच आठवड्यात उरकावे. वर लोह ऑक्साइडचा तांबूस किंवा तपकिरी रंग मिसळलेला, लाकडात मुरणारा स्टेन द्यावा. त्याने लाकडाच्या रेषा दिसतात आणि उजेडही बराच अडतो. असा स्टेन पापुद्र्याने सुटत नाही, नुसता फिका पडतो, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी धुऊन वरून एक हात मारला की भागते. पायांच्या खालच्या टोकांना मात्र दोन-तीन हात जास्त द्यावेत, आणि बाक पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उभा राहणार नाही असा ठेवावा. पाइनला उन्हापेक्षा कुजण्याचे भय जास्त असते, आणि ते कुजणे तिथूनच सुरू होते.